पिना ४८ आहेत, तरी आयटूसी आणि एसपीआय एकत्र का चालत नाहीत? (एनआरएफ५२८४० बोर्ड, झोपेतला करंट, एडीसी)

सेन्सरवेडा :

नमस्कार मंडळी. एनआरएफ५२८४० या ब्लूटूथवाल्या मायक्रोकंट्रोलर चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड घेऊन एक छोटा डेटा लॉगर बनवतोय. तो मालाच्या खोक्यात टाकायचा, दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता फ्लॅशमध्ये लिहायची, खोक्याला धक्का बसला तर त्याची वेळ नोंदवायची, खोकं उघडलं की छोट्या ई-पेपरवर शेवटचे आकडे दिसले पाहिजेत आणि मोबाइलवर ब्लूटूथने सगळा डेटा काढता आला पाहिजे. बॅटरी म्हणजे दोन डबल-ए अल्कलाइन, मध्ये रेग्युलेटर नाही, सरळ व्हीडीडीला, म्हणजे चिपच्या सप्लाय पिनला.

जोडलंय ते असं : एसएचटी३१ (तापमान-आर्द्रतेचा सेन्सर) आणि एलआयएस३डीएच (धक्का ओळखणारा सेन्सर) दोन्ही आयटूसीवर, ई-पेपर एसपीआयवर (या दोन्ही चिपला इतर भागांशी जोडणाऱ्या डेटा बस), बोर्डावर आधीच असलेली क्यूएसपीआय (चार डेटा लाइनींच्या एसपीआयवरची) फ्लॅश, लॉग बघायला यूएआरटी (सीरियल पोर्ट), आणि बॅटरी मोजायला १ मेगाओमचे दोन रेझिस्टर लावून मधला पॉइंट एडीसीला (चिपमधला व्होल्टेज मोजणारा भाग). सॉफ्टवेअर झेफर या ऑपरेटिंग सिस्टमवर लिहितोय.

आता अडकलोय कुठे, तर पहिलं म्हणजे ओव्हरलेमध्ये (कोणता भाग चालू ते सांगणारी प्रोजेक्टची फाइल) आयटूसी० चालू होतंच, एसपीआय० पण चालू केलं तर बिल्डच होत नाही, म्हणतंय यातलं एकच वापरा. पिना तर पूर्ण वेगळ्या दिल्यात, एकही पिन कॉमन नाही, मग भांडण कशाचं? दुसरं म्हणजे ई-पेपर सोडून बाकीचं चालू करून मोजलं तर झोपेत ७०० मायक्रोअँपच्या आसपास जातोय, डेटाशीटमध्ये तर सिस्टम ऑफला (सगळ्यात खोल झोप) ०.४ मायक्रोअँप लिहिलंय, मला तेवढा नकोय कारण टायमर चालू ठेवायचाय पण ७०० म्हणजे फारच झालं. तिसरं, बॅटरीचं रीडिंग मल्टिमीटरपेक्षा कमी येतं आणि उड्या मारतं.

आणि अजून एक, सेन्सरचा सप्लाय मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) तोडायचा विचार आहे, त्यात काही अडचण येते का तेही सांगा.

---

रजिस्टरवाला :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं पिन-प्लॅनिंग सोपं जातं.

पिना आणि ब्लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या चिपमध्ये आयटूसी, एसपीआय, यूएआरटी जवळपास कुठल्याही पिनवर नेता येतं, अशा प्रत्येक पेरिफेरलला (ब्लॉकला) पीएसईएल नावाची रजिस्टर्स (सेटिंग लिहायच्या जागा) आहेत, त्यात पिनचा नंबर लिहिला की आतल्या आत जोडणी होते. पण त्या जोडणीच्या दुसऱ्या टोकाला जे हार्डवेअर बसलंय ते मोजकंच आहे. आयटूसी० आणि एसपीआय० हे दोन ब्लॉक नाहीतच मुळी. ४०००३००० हेक्स (सोळाच्या पटीतला आकडा) या पत्त्यावर एकच जागा आहे, तिथल्या एनेबल रजिस्टरमध्ये ६ लिहिलं तर आयटूसी मास्टर होतो, ७ लिहिलं तर एसपीआय मास्टर. इंटरप्ट (सीपीयूला हाक मारणारा सिग्नल) नंबर तोच, रजिस्टर्सही तीच. तसंच आयटूसी१ आणि एसपीआय१ चं, पत्ता ४०००४००० हेक्स. त्यामुळे तुम्ही पिना कितीही लांब ठेवल्या तरी उपयोग नाही.

झेफर निदान बिल्डलाच अडवतं, हे फार चांगलं आहे. नुसत्या रजिस्टर पातळीवर लिहिणाऱ्याला कोणी सांगत नाही, आयटूसी इनिट होतं, मग एसपीआय इनिट होऊन तोच ब्लॉक पळवतं आणि सेन्सर अचानक गप्प बसतो, माणूस तारा तपासत बसतो. बोर्डाची मूळ डिव्हाइसट्री (हार्डवेअरचं वर्णन असलेली) फाइल उघडून बघा, एसपीआय० च्या नोडमध्ये तसा शेराच लिहिलाय.

उपाय सरळ आहे. आयटूसी० ठेवा, ई-पेपर एसपीआय२ वर न्या. एसपीआय२ आणि एसपीआय३ यांचे पत्ते वेगळे आहेत, त्यांचं आयटूसीशी भांडण नाही. यूएआरटी पण वेगळं आणि क्यूएसपीआय पण वेगळं. म्हणजे तुमच्या यादीतलं सगळं एकत्र बसतं, फक्त आकडे बदलायचे.

बरेच जण एसपीआय३ घ्या म्हणतील कारण तो ३२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, बाकीचे ८ वर थांबतात. ई-पेपरला ८ सुद्धा जास्त होतात, ४ वर चालवा, रिफ्रेशलाच दीड-दोन सेकंद लागतात तिथे डेटा पाठवायचे काही मिलिसेकंद वाचवून काय करणार. शिवाय एसपीआय३ वर एरॅटा १९८ (उत्पादकानेच नोंदवलेला चिपमधला दोष) आहे : ट्रान्समिट बफर ज्या रॅम ब्लॉकमध्ये आहे त्याच ब्लॉकला त्याच वेळी सीपीयू किंवा दुसरं पेरिफेरल हात लावत असेल तर जाणारा डेटा बिघडू शकतो. जिथे वेग खरंच लागतो तिथे त्याची काळजी घेऊन वापरा, इथे गरज नाही.

आणि डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारा भाग) फक्त रॅममधून वाचतो हे लक्षात असू द्या. ई-पेपरचे फॉन्ट आणि चित्रं कॉन्स्ट म्हणून फ्लॅशमध्ये असतात, तो पॉइंटर सरळ एसपीआयला दिला तर ड्रायव्हरला आधी रॅममध्ये कॉपी करावं लागतं आणि त्या बफरची साइज कॉन्फिगमध्ये ठरलेली असते. मोठं चित्र असेल तर ओळ-ओळ रॅममध्ये आणून पाठवा.

---

मायक्रोअँपवाली :

करंटबद्दल मी सांगते. ७०० हा आकडा बघितल्या बघितल्या माझा संशय यूएआरटीवर आहे. रिसीव्ह चालू असलेला यूएआरटी समोरून कधी बाइट येईल या तयारीत बसतो, म्हणजे हाय-फ्रीक्वेन्सी क्लॉक बंद होऊच शकत नाही, सीपीयू झोपलेला असला तरी. या चिपवर अर्धा ते एक मिलिअँप नुसता ऐकण्यात जातो. तुम्हाला लॉग फक्त पाठवायचा असेल तर रिसीव्ह बंद ठेवा, आणि अंतिम बिल्डमध्ये कन्सोल, सीरियल, यूएआरटी सगळंच बंद. मधल्या काळात लॉग बघायचाच असेल तर आरटीटी वापरा, तो डीबगरमार्फत रॅममधून वाचतो, पिना लागत नाहीत.

मोजताना अजून एक. प्रोग्राम टाकल्यावर चिप डीबग इंटरफेस मोडमध्येच राहते, त्या मोडमध्ये झोपेतला करंट कायम जास्त दिसतो. फ्लॅश करा, डीबगर सोडा, पॉवर काढून परत द्या, मग मोजा.

इंटरफेस निवडताना लोक विचारतात स्पीड किती, तारा किती. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत पहिला प्रश्न हा हवा की काहीच घडत नसताना हा इंटरफेस काय करत बसतो. आयटूसी आणि एसपीआयचा मास्टर तुम्ही आहात, क्लॉक तुम्ही देता, व्यवहार संपला की बंद. यूएआरटीत समोरचा कधीही बोलू शकतो म्हणून तो महाग. पॉवर मॅनेजमेंट चालू करून प्रत्येक बसला स्लीप स्टेट द्या, पिनकंट्रोलमध्ये (डिव्हाइसट्रीतला पिनांचा भाग) स्लीपचा वेगळा गट असतो, त्यात लो-पॉवर लिहिलेलं असलं की पिना इनपुट बफरपासून सुटतात.

यूएआरटी काढल्यावरही शेकड्यात राहिलं तर पुढचा संशयित एलआयएस३डीएचची इंटरप्ट पिन. तो सेन्सर इंटरप्ट पुश-पुलने (लाइन स्वतःच वर किंवा खाली नेऊन) देतो आणि एरवी लाइन खाली धरून ठेवतो. तुम्ही सवयीने त्या पिनला आतला पुल-अप (लाइन सप्लायकडे ओढणारा रेझिस्टर) लावला असेल तर ३ व्होल्ट भागिले १३ किलोओम, म्हणजे २३० मायक्रोअँप चोवीस तास जातात. पुल काढून टाका, पुश-पुलला लागतच नाही.

त्याच सेन्सरची एसए० पिन (आयटूसीवरचा पत्ता ठरवणारी) ग्राउंडला बांधली असेल तर तीही सोडवा. तिला चिपच्या आत पुल-अप आहे, ग्राउंडला बांधली की त्यातून करंट वाहत राहतो. वर, म्हणजे सप्लायला, बांधा आणि पत्ता १८ हेक्सऐवजी १९ हेक्स वापरा.

ब्रेकआऊटवरचा (सेन्सरच्या छोट्या बोर्डावरचा) पॉवरचा एलईडी काढलाय ना? तो एकटा एक-दोन मिलिअँप खातो, पण तुमचा आकडा ७०० आहे म्हणजे बहुतेक काढलाय.

---

सेन्सरवेडा :

खूप धन्यवाद दोघांनाही. ई-पेपर एसपीआय२ वर नेला, बिल्ड झालं, पडद्यावर अक्षरं आली. यूएआरटी बंद करून पॉवर काढून परत मोजलं तर ७०० वरून २५० वर आला. मग इंटरप्ट पिनचा पुल-अप काढला, तर थेट १९! २३० चा हिशोब इतका तंतोतंत निघेल असं वाटलं नव्हतं. एसए० आधीच वर बांधलेली आहे. एलईडी पण काढलेले आहेत.

२५०० मिलिअँप-अवरचे सेल धरले तर ७०० ला पाच महिने होत होते, १९ ला सेल स्वतःच आधी म्हातारे होतील. तरी १९ मधले अजून काही कमी होतात का बघायचंय. सप्लाय तोडण्याचं आणि एडीसीचं पण कोणीतरी सांगा.

---

जुनाकथिल :

सप्लाय तोडायच्या आधी तोडून मिळणार काय ते बघा. एसएचटी३१ सिंगल-शॉटमध्ये वापरला तर दोन मोजण्यांच्या मध्ये साधारण ०.२ मायक्रोअँप घेतो. एलआयएस३डीएच तोडताच येणार नाही, धक्का त्यालाच पकडायचाय, आणि तो लो-पॉवर मोडमध्ये १० हर्ट्झला ३ आणि ५० हर्ट्झला ६ मायक्रोअँप घेतो. म्हणजे मॉसफेट लावून तुम्ही ०.२ वाचवणार आणि त्या बदल्यात नवीन दुखणं आणणार.

दुखणं कोणतं ते सांगतो. सेन्सरचा व्हीसीसी (सप्लाय) तोडला पण आयटूसीचे पुल-अप कायम चालू सप्लायला बांधलेले असले, तर करंट पुल-अपमधून एसडीए (आयटूसीची डेटा लाइन) पिनमध्ये, तिथून सेन्सरच्या आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून त्याच्या व्हीसीसीला जातो. सेन्सर ना धड बंद ना धड चालू, अर्ध्या व्होल्टेजवर लटकतो, कधी कधी बस खाली ओढून धरतो आणि मग दुसरा सेन्सरही दिसेनासा होतो. मीटरवर बघाल तर तोडल्यावर करंट वाढलेला दिसतो. तोडायचंच असेल तर पुल-अप त्या तोडलेल्या बाजूलाच बांधायचे आणि कंट्रोलरच्या पिना आधी डिस्कनेक्ट करायच्या, पण मग एलआयएस३डीएच त्याच बसवर ठेवता येणार नाही, त्याला आयटूसी१ द्यावा लागेल. तुमच्या केसमध्ये नका करू.

ई-पेपरला पण हेच लागू. सीएस (एसपीआयवर चिप निवडणारी) आणि रिसेट लाइन वर धरून ठेवून व्हीसीसी तोडला तर त्याच वाटेने करंट आत शिरतो. बहुतेक ई-पेपर कंट्रोलरना डीप स्लीप कमांड असते, ती द्या, परत उठवायला रिसेट पिन लागते म्हणून ती पिन वाचवायला जाऊ नका. आणि रिफ्रेश चालू असताना बिझी लाइन लूपमध्ये वाचत बसू नका, दोन सेकंद सीपीयू जागा राहतो, तिच्यावर इंटरप्ट लावून झोपा.

बोर्डावरची फ्लॅश ६४ मेगाबिटची एमएक्स२५आर आहे, ती स्टँडबायमध्ये पाच-एक मायक्रोअँप घेते. लिहून झालं की बी९ हेक्स कमांड देऊन डीप पॉवर-डाऊनमध्ये टाका, ड्रायव्हरला तसं सांगता येतं. तुमच्या १९ मधले पाच इथे निघतील.

आता एडीसी. दोन १ मेगाओमचे रेझिस्टर म्हणजे एडीसीला समोर ५०० किलोओम दिसतात. आतला सॅम्पलिंग कपॅसिटर तेवढ्यातून भरायला वेळ लागतो आणि डीफॉल्ट अ‍ॅक्विझिशन टाइम १० मायक्रोसेकंद असतो, जो १०० किलोओमपर्यंतच पुरतो. ४०० ला २० लागतात, ८०० ला ४० लागतात. तुम्ही ४० करा आणि मधल्या पॉइंटला १०० नॅनोफॅरॅड लावा की उड्या थांबतील.

पण मुळात डिव्हायडर कशाला? तुमची बॅटरी सरळ व्हीडीडीला आहे. या एडीसीला व्हीडीडी हा आतलाच इनपुट म्हणून निवडता येतो. ०.६ व्होल्टचा आतला रेफरन्स, गेन १/६, म्हणजे ३.६ व्होल्टपर्यंत मोजता येतं, १२ बिटला एका पायरीला ०.८८ मिलिव्होल्ट. रेझिस्टर दोन्ही काढा, दीड मायक्रोअँप वाचले, एक पिन सुटली. मोजायचं मात्र ई-पेपर रिफ्रेश चालू असताना. रिकामा बसलेला अल्कलाइन सेल नेहमी तब्येत चांगली दाखवतो, ओढल्यावर किती खाली येतो ते महत्त्वाचं. चिप १.७ पर्यंत चालेल पण एसएचटी३१ ला २.१५ लागतात, त्यामुळे १.७ ही तुमची खरी मर्यादा धरू नका.

---

मायक्रोअँपवाली :

जुनाकथिल यांच्याशी सहमत, मॉसफेट नकोच. फक्त एसएचटी३१ च्या बाबतीत एक राहिलं. त्याला मोजायची कमांड दोन प्रकारची आहे. २सी०६ हेक्स दिली तर तो क्लॉक स्ट्रेच करतो, म्हणजे मोजून होईपर्यंत एससीएल (आयटूसीची क्लॉक लाइन) खाली दाबून धरतो. उत्तर लगेच मिळतं म्हणून उदाहरणांच्या कोडमध्ये ही सर्रास दिसते. पण उच्च अचूकतेला ते पंधराएक मिलिसेकंद आहेत, तेवढा वेळ पुल-अपमधून करंट वाहतो, आयटूसी ब्लॉक चालू, हाय-फ्रीक्वेन्सी क्लॉक चालू. त्याऐवजी २४०० हेक्स द्या, बस सोडा, १६ मिलिसेकंद झोपा, मग वाचा. दहा मिनिटांतून एकदा असल्यामुळे सरासरीत फरक थोडा पडेल, पण कोणी दर सेकंदाला मोजत असेल तर हाच फरक मोठा होतो.

आणि इंटरप्ट पिनला एज ट्रिगर (लाइन बदलण्याच्या क्षणी जागं होणं) लावला असेल तर बघा, झेफर त्यासाठी जीपीआयओटीई या ब्लॉकचं चॅनेल घेतं, ते लेव्हलच्या सेन्सपेक्षा (लाइन वर आहे की खाली एवढंच बघणं) जास्त करंट घेतं. लेव्हल ट्रिगर करा, किंवा डिव्हाइसट्रीत सेन्स-एज-मास्कमध्ये ती पिन टाका.

---

रजिस्टरवाला :

पुल-अपचा विषय निघालाय तर आयटूसीच्या वेगाचंही बघून घ्या. ब्रेकआऊटवर प्रत्येकी १० किलोओम असतील तर दोन बोर्ड मिळून ५ झाले. तारा धरून बसची कपॅसिटन्स ६० पिकोफॅरॅड पकडा, राइज टाइम ०.८५ गुणिले आर गुणिले सी, म्हणजे २५५ नॅनोसेकंद. ४०० किलोहर्ट्झला ३०० ची मर्यादा आहे, बसतं. पुढे स्वतःचा पीसीबी कराल तेव्हा बाहेरचे रेझिस्टर विसरून आतल्या १३ किलोओमवर भरवसा ठेवलात तर ६६० होतात, १०० किलोहर्ट्झला चालेल, ४०० ला नाही. आणि वाईट म्हणजे टेबलावर कधी कधी चालतं, थंडीत किंवा लांब तारेवर बंद पडतं.

---

सेन्सरवेडा :

फ्लॅश डीप पॉवर-डाऊनला टाकली, डिव्हायडर काढला, इंटरप्ट लेव्हलवर केला, आता ९ ते १० च्या मध्ये आहे, त्यातले सहा एलआयएस३डीएचचेच कारण ५० हर्ट्झ ठेवलंय. मोजताना बॅटरी २.९ दाखवते, मल्टिमीटर पण तेच म्हणतो.

आता स्वतःचा छोटा पीसीबी करायला घेतोय. पिना कुठल्याही चालतात तर ई-पेपरच्या लाइन्स पी१ पोर्टवर, अँटेनाच्या बाजूला टाकल्या तर राउटिंग एकदम सरळ जातं. चालेल ना? आणि पी०.०९, पी०.१० मोकळ्या दिसतायत, त्यावर ई-पेपरचे डीसी (डेटा की कमांड ते सांगणारी लाइन) आणि रिसेट टाकतो.

---

जुनाकथिल :

थांबा, इथे जरा जपून. प्रॉडक्ट स्पेसिफिकेशनमधलं पिनांचं टेबल उघडा, काही पिनांसमोर स्टँडर्ड ड्राइव्ह, फक्त लो-फ्रीक्वेन्सी असं लिहिलंय. पी१.०१ ते पी१.०७, पी१.१० ते पी१.१५, शिवाय पी०.०९ आणि पी०.१० त्यात येतात. या पिना चिपच्या आत रेडिओच्या शेजारी आहेत. त्यांच्यावर ४ मेगाहर्ट्झचा क्लॉक नाचवलात तर एसपीआय उत्तम चालेल, बिघडेल तो रेडिओ, त्याची रिसीव्ह करायची ताकद कमी होईल. ब्लूटूथची रेंज कमी का झाली म्हणून तुम्ही अँटेना मॅचिंग तपासत बसाल. एसपीआयचा क्लॉक आणि डेटा पी० वरच्या साध्या पिनांवर ठेवा, राउटिंगला एक-दोन व्हाया वाढल्या तरी चालतील. डीसी, रिसेट, बिझी, इंटरप्ट या क्वचित हलणाऱ्या लाइन्स पी१ वर खुशाल न्या.

पी०.०९ आणि पी०.१० मुळात एनएफसीच्या अँटेनासाठी आहेत आणि चिप कोरी असताना त्या तशाच असतात. साध्या पिना म्हणून वापरायच्या तर यूआयसीआरमधला (चिपची कायमची सेटिंग ठेवणारी जागा) एनएफसीपिन्सचा बिट बदलावा लागतो, झेफरमध्ये डिव्हाइसट्रीच्या यूआयसीआर नोडला एनएफसीटी-पिन्स-अ‍ॅज-जीपीआयओज लिहा. ते केलंत की डीसी आणि रिसेट तिथे चालतील, लाइन्स हळूच हलतात त्यामुळे रेडिओलाही त्रास नाही. एसडब्ल्यूडीच्या (प्रोग्राम टाकायच्या आणि डीबगच्या) दोन लाइन्स, ग्राउंड आणि व्हीडीडी मात्र टेस्ट पॅडवर बाहेर काढाच.

---

सेन्सरवेडा :

टेबल बघितलं, क्लॉक आणि डेटा पी०.१३ आणि पी०.१५ वर घेतो, डेव्हलपमेंट बोर्डावर तिथे एलईडी आहेत पण माझ्या पीसीबीवर नसतील. सीएस पी०.१४. डीसी, रिसेट पी०.०९, पी०.१० वर, यूआयसीआरसकट. स्केमॅटिक झालं की इथेच टाकतो, लेआऊटला हात लावण्याआधी एकदा नजर टाका.